देवीच्या नावावर डोंगर

सातवीच्या भूगोलाचे पेपर तपासत होते, तेव्हा पुना शिपाई दारात येऊन म्हणाला, बाई, तुमचा फोन आहे, धुळ्याहून. एप्रिलचं ऊन, खिडकीला लावलेला ओला पडदा केव्हाच वाळून कडक झालेला, आणि हातातल्या पेपरात एका मुलीनं महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर म्हणून ‘कळसूबाई’ लिहून त्याखाली दोन रेघा ओढलेल्या. मी बरोबरची खूण केली आणि उठले. फोनवर प्रमिला होती. लाइनीत खरखर इतकी की ती रडते आहे हे आधी कळलंच नाही. “सुनंदा, अगं मगनभाऊ गेले. आपल्या कमलचे मिस्टर. सकाळी चहा पिता पिता. कप हातातच राहिला म्हणे.” मी “अरे देवा” म्हटलं. माणूस म्हणतं तसंच म्हटलं. आणि त्याच वेळी आत कोणीतरी, अगदी शांतपणे, वर्गात हजेरी घेतल्यासारखं बोललं: आता कळेल तिला. मी फोन ठेवला. मुख्याध्यापिकांनी विचारलं, कोण गेलं? म्हटलं, मैत्रिणीचे मिस्टर. त्या चुकचुकल्या, माठातलं पाणी दिलं. मी ते उभ्यानंच प्यायले, आणि परत जाऊन उरलेले पेपर तपासले.

आता कळेल तिला. हे वाक्य माझंच होतं यात शंका नाही. माझ्याच आवाजात होतं, माझ्याच स्वभावातलं होतं. मी तशी काही गरीब गाय नाही. शाळेत पोरी मला ‘तिखट बाई’ म्हणतात हे मला ठाऊक आहे आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. पण मगनभाऊंनी माझं काय घोडं मारलं होतं? एसटीच्या वर्कशॉपमधला साधा माणूस. आम्ही तिघी मैत्रिणी डोंगरावरून परतलो की धुळ्याच्या स्टँडवर सायकल घेऊन उभा असायचा, कमलच्या हातातली पिशवी आधी घ्यायचा आणि मग विचारायचा, “पाय शाबूत शेत ना?” तो माणूस गेला आणि मला पहिल्यांदा त्याच्या बायकोचं कपाळ दिसलं. ते मोकळं झालेलं. संध्याकाळी घरी येऊन मी भात टाकला, तो करपला. करपलेला भात खात असताना मी स्वतःला समजावत होते की पहिलं मनात येतं ते खरं नसतं. मग खरं काय असतं, दुसरं येतं ते? दुसरंही तेच आलं.

मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी जायला हवं होतं. जळगाव-धुळे काही परदेश नव्हे. पण पेपर होते, मग निकालपत्रकं होती, मग ऊन होतं. ज्याला जायचं नसतं त्याला कारणांचा दुष्काळ पडत नाही. दिवस जात राहिले, आणि मला वाटू लागलं की आता गेलं काय आणि न गेलं काय, सारखंच. तेवढ्यात प्रमिलाचा दुसरा फोन आला. “उद्या दहावा आहे. दहाव्याला तरी ये गं. कमल कोणाचं ऐकत नाही.” म्हणजे काय, असं मी विचारेपर्यंत लाइन तुटली. मी सकाळची बस धरली. खिडकीजवळ जागा मिळाली. गिरणेच्या पुलावरून गाडी गेली तेव्हा खाली नुसती वाळू होती, वाळूत कोणीतरी टरबुजाचे वेल लावलेले. उन्हाची झळ तोंडावर येत होती तरी मी खिडकी लावली नाही. मला वाटतं, मला थोडा त्रास व्हायला हवा होता.

कमल, प्रमिला आणि मी धुळ्याला डी.एड.ला एका खोलीत होतो. कमल सोनगीरची. तिच्या घराच्या मागच्या दारातून किल्ला दिसायचा आणि ती लहानपणी त्यावर शेळीसारखी चढायची. उंच, हाडापेरानं मोठी, चालायला लागली की आम्ही दोघी मागं पळायचो. प्रमिला गोल, घाबरट, तिच्या पिशवीत कायम खायला. मी दोघींच्या मधली; मला डोंगराच्या उंचीचे आकडे पाठ असायचे आणि चढताना दम लागला की मी ते सांगत सुटायची. एका रविवारी कमल आम्हाला सोनगीरच्या किल्ल्यावर घेऊन गेली. किल्ला काही फार मोठा नाही, पण वर पोचल्यावर खाली आग्रा रोडवरचे ट्रक काड्यापेटीएवढे दिसले, आणि वारा असा आला की तिघींच्या ओढण्या एकदम एका बाजूला उडाल्या. कोणीच काही बोललं नाही. पुढं कितीतरी डोंगर चढलो, पण वर पोचल्यावर पहिल्यांदा कोणीच बोलायचं नाही हे तेव्हापासूनच ठरून गेलं, कोणी न ठरवता.

मग लग्नं झाली. प्रमिला नि कमल धुळ्यातच राहिल्या, मी जळगावला आले. नोकऱ्या लागल्या, स्वैपाक, सासू, सगळं रांगेनं आलं. आता डोंगर संपले असं मी धरूनच चालले होते. पण कमलनं युक्ती काढली. तिची सासू बेबाबाई, सगळे तिला अक्का म्हणत, ती तरुणपणीच विधवा झालेली, घरात तिचा शब्द म्हणजे शब्द. कमल एकदा हसत हसत म्हणाली, “डोंगरवर जासू म्हनं ते अक्का पाय तोडी टाकी. देवीले जासू म्हनं ते पिशवी भरी देई.” आणि तसंच झालं. आपल्या मुलखात देव नसलेलं शिखर दिवा घेऊन शोधलं तरी सापडायचं नाही, आणि आम्हाला ते सोयीचंच होतं. दर दिवाळीच्या सुट्टीत एक नवस निघायचा. कधी कमलचा, कधी प्रमिलाचा, कधी माझा. आमच्या तिघींच्या घरच्यांना वाटायचं, कसल्या भाविक सुना मिळाल्या! अक्का स्वतः पिशवी भरायची: नारळ, खण, तांदूळ, हळकुंड, आणि वर पितळेचा करंडा, एका खणात हळद, एका खणात कुंकू. परत आल्यावर पहिला प्रश्न, “ओटी भरी का?” कमल सगळ्या जगाशी खोटं बोलायची, पण अक्काशी या बाबतीत तिला बोलता यायचं नाही. त्यामुळं खोटं बोलून निघायचं आणि वर गेल्यावर ते खरं करून टाकायचं, अशी आमची रीत पडली.

साल्हेरला गेलो तेव्हा वर परशुरामाच्या पादुका. आता परशुरामाची ओटी कशी भरायची? कमलनं वाटेत शेंदूर फासलेला एक दगड पाहून ठेवला होता, उतरताना तिथं बसून तिनं त्याच्यापुढं खण-नारळ ठेवला. प्रमिला घाबरून म्हणाली, “अगं ही कोणती देवी?” कमल म्हणाली, “आपली.” मग देवीला वाहून झालं की उरलेलं हळदीकुंकू आम्ही एकमेकींना लावायचो. घामानं ते ओघळून नाकावर यायचं, आम्ही तिघी तमाशातल्या सोंगाड्यांसारख्या दिसायचो, आणि एकमेकींकडं बोट दाखवून इतक्या हसायचो की गुराखी थांबून बघत. लुगड्याचे काचे मारलेले, पायात नवऱ्यांचे कॅनव्हासचे बूट, पुढं कापूस कोंबलेला. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन आम्ही कातळावर उताण्या पडायचो. पोटऱ्या थरथरत असायच्या. पाठीखाली दगड गार असायचा. त्या वेळी मी कोणाची सून नव्हते, कोणाची बाई नव्हते. मला आजही एखाद्या गोष्टीचं सुख म्हणून काही आठवायचं झालं तर तो गार दगड आठवतो.

माझ्या नवऱ्याला, गिरधरना, हे सगळं माहीत होतं. नवस-बिवस काही नाही, हे त्यांनी पहिल्याच वर्षी ओळखलं आणि आईला सांगितलं नाही. आमच्या लग्नात काही चांगलं होतं तर ते हे. जळगावच्या स्टँडवर घ्यायला यायचे, माझ्याकडं नीट बघायचे आणि विचारायचे, “उतरलीस का गं, की अजून वरच आहेस?” मी दोन-तीन दिवस वरच असायची. ताकाला मीठ टाकायची विसरायची. ते स्वतः उठून मीठ घ्यायचे. एका हिवाळ्यात त्यांना कावीळ झाली. आधी झाडपाला, मग दवाखाना, मग मोठा दवाखाना, सगळं उशिरा उशिरानं. गेल्यावर असोद्याला, त्यांच्या गावच्या घरी, त्यांना नेलं. मला त्या दिवसातलं फार आठवत नाही. चुलत सासू कुंदाबाई, त्याही विधवा, त्यांचा हात खरखरीत होता एवढं आठवतं. बांगड्या जात्याच्या पाळूवर फुटल्या. कुंकू ओल्या फडक्यानं पुसलं. अंगणात केळीचा घड टांगलेला होता, तो पिकत आला होता, आणि त्याचा गोड वास त्या सगळ्यात मिसळला होता. मला अजून पिकलेल्या केळ्याचा वास सहन होत नाही, आणि राहते केळ्यांच्या जळगावात. भोग म्हणायचे, दुसरं काय.

एरंडोलला गाडी थांबली. शेजारची बाई उतरली, एक म्हातारा बसला, त्यानं माझ्याकडं, मग माझ्या कपाळाकडं पाहिलं आणि पाय आखडून घेतले. आदरानं म्हणा, कशानं म्हणा. मला आता सवय झाली आहे. तर, वर्ष झालं नव्हतं आणि दिवाळीच्या आधी कमल असोद्याला येऊन उभी राहिली. एकटी. माझ्या सासूबाई, इंदिराबाई, ओसरीत वाती वळत होत्या. कमलनं आडपडदा न ठेवता सांगितलं, सुनंदाला कळसूबाईला न्यायला आले. सासूबाईंनी वात खाली ठेवली. “काय वं माय, लोकं काय म्हनतीन? वर्स नाही झालं तिले. डोंगरावर काय गाडेल आहे तुमचं?” कमल खाली बसली, त्यांच्यासमोरच, आणि म्हणाली, “मावशी, डोंगरले काय माहीत, कोन कोनी बायको शे?” सासूबाईंनी वाती गोळा केल्या. मला वाटतं, त्यांनाही त्या घरात माझं बसून राहणं बघवत नव्हतं. त्या उठल्या, आत गेल्या, आणि गिरधरचे बूट आणून माझ्यापुढं ठेवले. मी ते बूट घालायला घेतले, पण पुढं कोंबलेला कापूस पुन्हा पुन्हा बाहेर काढत राहिले, तेव्हा कमलनं बूट ओढून घेतला आणि स्वतः कापूस भरला. हे सगळं मला स्पष्ट आठवतं. आठवत नसतं तर किती बरं झालं असतं. सरळ रागावता आलं असतं.

कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव. थंडी होती, गवत पिवळं पडत चाललेलं, दवानं काचे भिजले. वर्षभर मी घर ते शाळा सोडून कुठं चालले नव्हते. अर्ध्या वाटेत छातीत आग पडली. प्रमिला मागून म्हणत होती, बसू या ना गं, बसू या. कमल पुढं. वर कातळाला लोखंडी शिडी लावलेली आहे. तिच्या मध्यावर माझे पाय थांबले. खाली पाहिलं तर दरी हलत होती, वर पाहिलं तर शिडी संपत नव्हती, आणि मला एकदम वाटलं की हात सोडला तर काय होईल? काहीच होणार नाही. कोणाचं काही अडणार नाही. असं वाटणं मला मुळीच भयंकर वाटलं नाही, ते अगदी साधं, सोपं वाटलं. तेवढ्यात वरून कमलचा हात आला. तिनं मनगट धरलं. “वर देख,” ती म्हणाली. “मना तोंडकडे देख. दुसरं काय देखू नको.” मी तिच्या तोंडाकडं बघत वर गेले. तिचं तोंड लाल झालेलं, दात घट्ट आवळलेले, आणि कुंकवाचा टिळा घामानं भुवईपर्यंत आलेला. त्या क्षणी तिच्याइतकं माझं जगात कोणी नव्हतं. हेही खरं आहे.

वर पोचलो. भंडारदऱ्याचं पाणी खाली ताटात सांडल्यासारखं पसरलेलं, चारी बाजूंनी डोंगरांच्या रांगा. कोणीच बोललं नाही. मग मला रडू आलं, आणि त्या दोघींनी मला रडू दिलं. प्रमिलानं नुसता पाठीवर हात ठेवला. कमल माझ्याकडं पाठ करून उभी राहिली, म्हणजे तीही रडत असावी. वर्षभर जे छातीत दगडासारखं बसलं होतं ते त्या वाऱ्यात जरा हललं. मला वाटलं, जगता येईल. खरंच वाटलं. मग देऊळ. एवढंसं, वाकून आत जावं लागतं असं. कमलनं पिशवी उघडली, देवीला हळदकुंकू वाहिलं, ओटी भरली, नारळ फोडला. बाहेर येऊन आम्ही तिघी नेहमीसारख्या गोल बसलो. कमलनं करंडा उघडला. प्रमिलाला लावलं. प्रमिलानं तिला लावलं. मी कपाळावर आलेले केस मागं सारून तोंड पुढं केलं. विचार करून नाही. दर वर्षी करायची तसं. हवेच्या जोरानं डोळे मिटलेलेच होते. आणि करंड्याचं झाकण लागल्याचा आवाज आला.

टक्. एवढाच. मी डोळे उघडले तेव्हा कमल करंडा पिशवीत ठेवत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, तिला काही दिसलं की नाही मला माहीत नाही. माझं तोंड अजून पुढंच होतं. मी ते मागं घेतलं आणि पदर डोक्यावरून घट्ट बांधून घेतला, वारा फार आहे, असं म्हणत. मग कमलनं खोबऱ्याचा सगळ्यांत मोठा तुकडा मला दिला. दशमी दिली. पाण्याची बाटली आधी मला दिली. सगळं आधी मला, मला. मी दशमी चावत होते आणि ती तोंडात फिरत होती, गिळता येत नव्हती. मला कुंकू हवं होतं का? नाही. खरंच नाही. खाली जाऊन मी ते पुसूनच टाकलं असतं. कुंकवाचं मला काय करायचं होतं? पण ती जागा अशी होती जिथं आम्ही देवाला फसवून आलो होतो. देवीच्या नावावर डोंगर मिळवला होता आम्ही. सगळं खोटं होतं ते, आमचं तिघींचं खोटं, आणि त्या खोट्यात शेवटी खरं निघालं ते एवढंच, की दोघी सवाष्णी आणि एक मी. डोंगराला माहीत नव्हतं. कमलच्या हाताला माहीत होतं.

प्रमिलाकडून माझी अपेक्षाच नव्हती. ती तिन्हीसांजेला केससुद्धा विंचरायची नाही. पण कमल? तिनं मुद्दाम केलं असतं तर मी भांडले असते. तिथंच, त्या शिखरावर, साऱ्या मुलखाला ऐकू जाईल असं भांडले असते. मुद्दाम नव्हतं म्हणूनच बोलता आलं नाही. हात नेहमीच्या सवयीनं गेला आणि जिथं जायचा नाही तिथं गेला नाही. रागवायचं कोणावर, हातावर? आपलेच दात, आपलेच ओठ. खाली उतरताना ती माझ्या पुढं पुढं राहून दगड दाखवत होती, इथं पाय ठेव, तिथं नको. मी ठेवत होते. पुढच्या दिवाळीला तिचा निरोप आला तेव्हा गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. त्याच्या पुढच्या वर्षी सातवीच्या पोरींचे जादा वर्ग. मग ती विचारायची थांबली. त्या दोघीही मग कुठं गेल्या नाहीत, असं प्रमिलानं कधीतरी एका लग्नात सांगितलं. “तुझ्याशिवाय मजा नाही गं.” मी हसले. मी दर वर्षी पोरींना शिखरांच्या उंच्या शिकवते, फळ्यावर नकाशा काढते, आणि घराच्या गच्चीवरून, आभाळ स्वच्छ असलं की, उत्तरेला सातपुड्याची रांग निळी दिसते, तिकडं पाठ करून कपडे वाळत घालते. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, असं म्हणतात. मला वाटायचं, एक दिवस तिलाही कळावं. एवढंच. मगनभाऊंना काही व्हावं असं मी कधी, अगदी कधीही मनात आणलं नाही. पण कळावं म्हटलं तर दुसरं कसं कळणार होतं? हा विचार मी इतकी वर्षं केला नव्हता. तो आता, पारोळ्याच्या पुढं, बसमध्ये आला, आणि मी पुढच्या सीटच्या दांड्यावर कपाळ टेकलं. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, “बरं वाटत नही का, माय?” म्हटलं, ऊन लागलं.

धुळ्याला रिक्षा करून गेले. दारात चपलांचा ढीग. पुरुष नदीवरून परत आलेले, मांडवाच्या सावलीत डोकी भादरून बसलेले. प्रमिला बाहेर ओट्यावर उभी होती, तिनं माझा हात धरला. केस पांढरे झालेले तिचे. “मला आत जाता येत नाही,” ती हळूच म्हणाली, “सवाष्णींना आत नको म्हणतात आता. तू जा. तुझीच वाट पाहताहेत.” माझी कशाला, मी म्हटलं. तिनं मला दाराकडं ढकललं. मी आत गेले. खोलीत अंधार वाटला, उन्हातून आल्यामुळं. मग हळूहळू बाया दिसू लागल्या, सगळ्या पांढऱ्या-करड्या लुगड्यातल्या, भिंतीला टेकलेल्या. मध्ये बेबाबाई, अक्का, आता अगदी वाकलेली. तिच्यापुढं पितळेच्या वाटीत पाणी आणि एक फडकं. आणि चटईवर कमल. तिच्या कपाळावर कुंकू होतं.

मी उभीच राहिले. अक्का म्हणाली, “उनी का माय? बैस. हाई पोर कोनले हातच लावू देत नही. बठ्ठ्या बाया बसेल शेत सकायपासून. म्हनस, सुनंदाले येऊ द्या.” मी कमलसमोर बसले. ती वाळली होती. उंच बाई अशी एकदम लहान दिसायला लागली की बघवत नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं. “मला वाटलं, तू येतच नाहीस,” ती म्हणाली. मी म्हटलं, “पेपर होते.” ती म्हणाली, “हं. पेपर.” मग थोडं थांबून, “यांच्यात हे विधवेनं करायचं असतं. मला त्या बायांचा हात नको. तुझा हात माहितीतला आहे. तूच कर.” अक्कानं वाटी माझ्याकडं सरकवली. मी फडकं भिजवलं, पिळलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली होती ते माझ्यापुढं बसलं होतं, हातभर अंतरावर, तोंड वर करून. आणि मला कुठंही, मनाच्या कुठल्याही कोपऱ्यात, बरं वाटलं नाही. मला फक्त ते होऊ द्यायचं नव्हतं. काहीही करून होऊ द्यायचं नव्हतं.

“कमल,” मी म्हटलं, “तुला पुसायचं आहे का?”

बाया हलल्या. अक्का म्हणाली, “हाई काय इचारानं र्‍हास का, माय?” कमल माझ्याकडं बघत राहिली. जणू प्रश्न तिच्यापर्यंत लांबून चालत येत होता. “नाही,” ती म्हणाली. मग अक्काकडं पाहून म्हणाली, “पण पुसावं लागेल. या म्हातारीनं पोरगा गमावलाय, आता तिच्याशी कुठं भांडू?” अक्कानं तोंडाला पदर लावला. कमल पुन्हा माझ्याकडं वळली. “तुला विचारलं होतं का गं कोणी?”

“नाही,” मी म्हटलं.

तिनं मान हलवली. मी डाव्या हातानं तिची हनुवटी धरली आणि फडकं कपाळाला लावलं. कपाळ तापलेलं होतं. कुंकू ओलं होऊन पसरलं, मी घडी बदलली, पुन्हा पुसलं. तिचे डोळे मिटलेले होते. मग ते एकदम उघडले, आणि ती माझ्या डोक्यावरच्या पदराकडं, कपाळाकडं, असं बघू लागली की माझा हात थांबला.

“मी पण नाही विचारलं,” ती म्हणाली. “वर. करंडा माझ्याच हातात होता.”

ती हुंदक्यानं सगळी हलली, गुडघ्याचा धक्का लागला, आणि वाटीतलं लाल पाणी चटईवर सांडलं. बाहेर प्रमिला कोणाला तरी विचारत होती, झालं का, झालं का. मी तिची हनुवटी सोडली नाही.

“हलू नकोस,” मी म्हटलं, “डोळ्यात जाईल.”